फिर्यादबाई आणि चौथा अर्ज

सरकारी पाकीट घरी आलं की माणसं आधी फोडतात आणि मग घाबरतात. फिर्यादबाईंची रीत उलटी. त्या आधी पाकीट उजेडात धरायच्या, मागचा डिंक पहिल्यापासूनचा आहे की कुणी उघडून पुन्हा चिकटवलाय ते अंगठ्याने चाचपायच्या, आणि मगच कात्रीने एक कड कापायच्या. त्या दिवशीचं पाकीट जाडजूड होतं. जाड पाकिटात चांगली बातमी नसते असा त्यांचा अनुभव. नकार एका कागदात मावतो. फसवायला मात्र चार-पाच लागतात.

फिर्यादबाई हे नाव त्यांना कारखान्यात पडलं. गणवेश शिवायचा कारखाना, एका दालनात साठ मशिनी. विसाव्या वर्षी त्या तिथे बसल्या आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उठल्या. या अठ्ठावीस वर्षांत पंखा, पाणी, संडासाची कडी, सुट्टीचा कागद, ज्याची म्हणून तक्रार करता येते त्या प्रत्येकाची त्यांनी केली. ज्यांनी चिडवायला नाव ठेवलं ते थकले, बाईंनी मात्र ते पदकासारखं मिरवलं. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं त्या कागद वाचून शिकल्या, आणि वाचल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करायची नाही हेही असंच एकदा फसून.

अडतिसाव्या वर्षी संधिवाताने गाठलं. सकाळी उठल्यावर मूठ वळेना. मग बोटं बाहेरच्या अंगाला झुकत गेली. मोठ्या दवाखान्यात तीन वेळा तीन जणांनी 'अभ्यासासाठी' म्हणून त्यांचं रक्त नेलं. रक्ताचं काय झालं, अभ्यासातून काय निघालं, कुणी कळवलं नाही. बाईंनी अकरा पत्रं लिहिली. "रक्त माझं, निकाल तुमचा, हा कुठला न्याय?" असं अकराव्या पत्रात लिहिलं, आणि त्याच्या सहा महिन्यांनी हे जाड पाकीट आलं.

आत नेमणूक होती. हाडं, सांधे आणि स्नायूंच्या आजारांवर चाकोरीबाहेरचं संशोधन करणाऱ्यांना सरकार दोन वर्षांसाठी पैसे देणार होतं. जी कल्पना विचित्र आहे, जी फसण्याचीच शक्यता जास्त, जिला दुसरीकडे कुणी दारात उभं करणार नाही, तिच्यासाठी ही योजना. नियम पहिला असा, की आधीचा पुरावा मागायचा नाही. अर्ज निवडायला चार जणांची समिती, त्यात एक जागा रुग्णाची. ती जागा बाईंना.

"वन्सं," बाईंनी नणंदेला हाक मारली, "यांनी मला आत घेतलंय."

लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत या दोघीच राहायच्या. बाईंचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. नणंद टेलिफोन खात्यातून निवृत्त, हसरी, जगात कुणी कुणाला फसवत नाही अशा समजुतीत मजेत जगणारी.

"वहिनी, तुझं तोंड बंद करायला सरकारला समिती काढावी लागली," ती म्हणाली. "केवढा मान हा."

"तेच म्हणतेय मी. कटकट्या माणसाला आत घेतलं की बाहेरचा आवाज थांबतो. आणि हे बघा काय लिहिलंय, फसलं तरी चालेल. सरकार असं कधी म्हणतं?"

"म्हणतंय की आता."

"पण फसलं तर शेकणार कुणाच्या अंगावर? ते नाही लिहिलेलं."

तरी त्या गेल्या. पहिल्या दिवशी योजनेच्या अधिकाऱ्याने एक कागद पुढे केला. अर्जातलं काही बाहेर बोलायचं नाही, आणि एखाद्या अर्जाशी आपलं काही नातं असेल तर चर्चा सुरू होण्याआधी सांगून खोलीबाहेर जायचं, असं त्यात होतं. बाईंनी तो दोनदा वाचला. अधिकारी घड्याळाकडे बघत राहिला.

"आणि नातं आहे हे उशिरा कळलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर अर्ज रद्द. सभासदही."

"आणि अर्ज कुणाचा ते आम्हाला सांगणार?"

"नाही. पहिलं पान आम्ही काढून घेतो. नावगाव सगळं त्यावर असतं. तुम्हाला फक्त नंबर."

म्हणजे नातं आहे की नाही ते ओळखायचं आम्ही, आणि ओळखायची खूण काढून घेणार हे. बाईंनी हे मनात नोंदवलं आणि सही केली.

अर्ज पाच होते. प्रत्येकाबरोबर साध्या भाषेतली दोन पानं असायची, ती खास बाईंसाठी. घरी खिडकीशी बसून त्या पेन्सिलीने खुणा करत वाचत गेल्या. चौथ्या अर्जाच्या या दोन पानांतल्या पहिल्यावरच पेन्सिल थांबली.

अर्जदाराला कारखान्यातल्या मशिनींच्या पायडलला एक लहानसं यंत्र लावायचं होतं. शिवणारी बाई पाय कधी दाबते, कधी सोडते, याची ते नोंद ठेवणार. म्हणणं असं, की संधिवात उसळण्याच्या दोन दिवस आधी, बोटं सुजण्याच्या पुष्कळ आधी, पाय बिचकायला लागतो. त्या बाईला स्वतःला ते कळतही नाही. आणि पुढे लिहिलं होतं: 'लांब शिवण एका दमात होत नाही.'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. हे वाक्य त्यांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा.

कारखान्यातल्या शेवटच्या दहा वर्षांत त्यांनीच हे हेरलं होतं. पँटची बाहेरची शिवण, कमरेपासून घोट्यापर्यंत, एरवी एका दमात जायची. एखाद्या दिवशी मात्र मध्येच पाय उचलला जायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा उचलायचा. थांबलं तिथे शिवण किंचित दबलेली दिसते. दुसऱ्याला नाही दिसत, शिवणारीला दिसते. शिवणीत तीन थांबे आले की परवा हात सुजणार, हे बाईंना पंचांग बघितल्यासारखं कळायचं. डॉक्टरांना त्यांनी दोनदा सांगून बघितलं. एक हसला, दुसऱ्याने गोळी वाढवली. तिसऱ्यांदा सांगितलं ते फिजिओच्या पोरीला. दवाखान्यात मेणाचा शेक घेताना हात अर्धा तास अडकलेले असतात, तोंड मोकळं असतं. ती पोर ऐकत होती. वहीत लिहूनही घेत होती.

"लबाड," बाई मोठ्याने म्हणाल्या.

"कोण?" नणंद स्वयंपाकघरातून.

"सांगता येत नाही. सही केलीय."

पुढच्या मंगळवारी त्या शेकाला गेल्या त्या कान टवकारूनच. फिजिओ टेबलाशी काहीतरी वाचत होती. बाईंना बघताच तिने फाईल मिटली आणि वर टॉवेल टाकला. बाईंनी ते बघितलं. टॉवेल कशावर टाकतात हे त्यांना नवीन नव्हतं.

"या मावशी. बोटं काय म्हणतायत?"

"बोटं काय म्हणणार, जे म्हणायचं ते मी म्हणते." बाईंनी हात मेणात बुडवले. "हल्ली फार लिहिणं चाललंय वाटतं?"

पोरीचे कान लाल झाले. "नाही हो. असंच आपलं."

"असंच आपलं कुणी टॉवेलखाली लिहीत नाही."

"झालं की सांगेन ना तुम्हाला."

"झालं की सगळेच सांगतात," बाई म्हणाल्या, आणि पुढचा अर्धा तास त्यांनी तोंड उघडलं नाही. फिजिओने त्यांचा ताप बघितला.

घरी आल्या आणि पिशवी खुर्चीवर आपटली. सगळं सांगता येत नव्हतं आणि गिळताही येत नव्हतं. शेवटी त्यांनी आडवाट धरली.

"वन्सं, समजा, तुम्ही काढलेला नमुना दुसऱ्या बाईने कापला. वर स्वतःचा म्हणून मांडला. आणि कपडा बरा झालाय की नाही ते ठरवायला तुम्हालाच बसवलं. तर?"

नणंदेने डोकं खाजवलं. "कपडा बरा झालाय का?"

"चांगला झालाय. मला जमला असता त्याहून चांगला. पण बाकीचे तिघे हसून फेकून देणार, त्यांना शिवणीतलं ओ का ठो कळत नाही. एकटी मीच सांगू शकते की हे खरं आहे."

"मग सांग."

"सांगितलं की नमुना माझा हे सांगावं लागतं. ते सांगितलं की उठावं लागतं. उठले की फेकून देणार."

"मग बस गप्प, आणि दे मत. तिला नंतर बाहेर गाठू."

"गप्प बसायला मी काय तुमचा भाऊ आहे?"

नणंद हसली, मग विचारात पडली. "वहिनी, तुला नक्की काय हवंय? नमुना जगायला हवा, की नमुना तुझा म्हणायला हवा?"

बाईंनी खुर्चीवरची पिशवी उचलून खुंटीला अडकवली. प्रश्न बरोबर होता आणि तो वन्संनी विचारला याचाच राग जास्त आला. नमुना जगायला हवा होता. त्यांच्यासारख्या त्या दालनात अजून कितीतरी जणी बसल्या होत्या, परवा हात सुजणार हे आज न कळता. पण चोराच्या हातून जगायला हवा होता का? आणि गप्प बसून दिलेलं मत म्हणजे तरी काय? अकरा पत्रांत त्यांनी दवाखान्याला तेच विचारलं होतं, की लपवता कशाला. आता लपवायची पाळी आपली.

बैठकीच्या दिवशी लांब टेबलावर प्रत्येकापुढे पाण्याची बाटली होती, कारखान्यातून आली तशी, घट्ट झाकणाची. सांध्यांच्या आजारावरची समिती, आणि सांधेवाल्या बाईला उघडता येणार नाही असं झाकण. बाईंनी बाटली अधिकाऱ्यापुढे सरकवली आणि तो उघडेपर्यंत सगळ्यांकडे एकेक करून बघून घेतलं. मधोमध अध्यक्ष, जुने प्राध्यापक, सावध. त्यांच्या उजवीकडे हाडांचे डॉक्टर, मोठं नाव, मोठा आवाज. समोर संख्याशास्त्राच्या बाई, ज्या बोलायच्या कमी आणि लिहायच्या जास्त. मंजुरीला निम्म्याहून जास्त मतं लागत होती.

पहिला अर्ज सगळ्यांनीच बाजूला ठेवला. दुसऱ्यावर हाडांचे डॉक्टर खुलले. गुडघ्याच्या झिजलेल्या कूर्चेवर प्रयोगशाळेत वाढवलेलं ठिगळ लावायचं, शेळ्यांवर करून बघायचं. सोबत रंगीत छायाचित्रं. "याला म्हणतात काम," ते म्हणाले. "पुरावा भक्कम आहे."

"भक्कम आहे म्हणूनच विचारते," फिर्यादबाई म्हणाल्या. "ठिगळ वर्षभर टिकतं का ते बघायला हे दोन वर्षं मागतायत ना?"

"हो."

"मग तिसऱ्या चित्राखाली बारावा महिना असं का लिहिलंय? वर्ष होऊन गेलं यांचं. पीक कोठारात भरलंय आणि हे बियाणं मागतायत."

डॉक्टर हसले. "बाई, आधीचं काम दाखवणं चांगलंच असतं. त्याने विश्वास वाटतो."

"तुम्हाला वाटतो. योजना तर म्हणते पुरावा मागू नका. मग ज्याच्याकडे पुरावा नाही तो खुळा, आणि ज्याचं काम उरकलंय त्याला बक्षीस, असंच करायचं तर योजना कशाला? जुन्या खिडकीतून द्या की."

संख्याशास्त्राच्या बाईंनी मान वर केली. "बरोबर आहे त्यांचं. मी याला सगळ्यात जास्त गुण दिले होते. सवयीने." आणि पेनाने काहीतरी खोडलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला. ठिगळ मागे पडलं. तिसऱ्या अर्जावर फारसं कुणाला बोलायचंच नव्हतं.

"अर्ज चौथा," अधिकारी म्हणाला.

"हा तर विनोद आहे," हाडांचे डॉक्टर आधीच सुरू झाले. "शिलाई मशिनीला यंत्र लावून संधिवात ओळखणार. उद्या झाडूला लावतील."

अध्यक्ष हलकेच हसले. बाईंनी ते हसू मोजलं. डॉक्टरांचं मत विरोधात. अध्यक्ष त्यांच्या मागे जाणार. आकडेवाल्या बाईंचं सांगता येत नाही. आपण बोललो तर कदाचित दोन्ही वळतील. पँटची शिवण टेबलावर ठेवून दाखवता येईल, थांबे बोटाने मोजून दाखवता येतील. सगळं बोलणं तयार होतं. जिभेवर होतं.

त्या उठल्या. गुडघे वाजले.

"बाई, चर्चा व्हायचीय अजून," अधिकारी म्हणाला.

"म्हणूनच उठतेय. झाल्यावर उठले तर ती चोरी. या अर्जातलं एक वाक्य माझ्या तोंडचं आहे. कुणी लिहिलाय ते मला माहीत नाही, अंदाज आहे. पण नातं आहे."

"तुमची त्याविषयी तक्रार आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"तक्रारीचं मी बाहेर बघते. इथे फक्त नातं सांगायचं, असं तुमच्या कागदात आहे."

अधिकाऱ्याने बंद कपाटातून एक पाकीट काढलं, त्यातलं पान अर्धवट ओढून वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. एकदा पानाकडे, एकदा बाईंकडे बघून त्याने पान घाईने आत ढकललं. "तुम्ही बाहेर बसा," तो म्हणाला. आवाज बदलला होता.

बाहेरचं बाक इतकं बुटकं की बसलं तर उठायला माणूस लागावा. बाई भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. त्याचा चेहरा का उतरला? अर्ज कुणा बड्याच्या मुलीचा होता? की आपल्याला आता काढणार? आतून डॉक्टरांचा आवाज आला, मग आकडेवाल्या बाईंचा, मग बराच वेळ कुणाचाच नाही. पाऊण तासाने दार उघडलं.

"पाचव्या अर्जासाठी आत या."

"चौथ्याचं काय झालं?"

"तुम्हाला सांगता येत नाही."

"ते मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "विचारून ठेवलं."

तीन आठवड्यांनी, दुपारी, फिजिओ लॉन्ड्रीचा जिना चढून आली. हातात फाईल, या वेळी टॉवेल नव्हता. बाईंनी तिला बस म्हटलं नाही.

"मावशी, मला तुमची माफी मागायचीय."

"माग."

"मी एक अर्ज केला होता. तुम्ही मेणाच्या वेळी सांगितलेलं, त्या थांब्यांचं. मंजूर झालाय."

"माझी कल्पना. तुझी मंजुरी. अभिनंदन."

"तुमच्या नावाशिवाय कशी करीन?" पोरीने फाईलमधलं पहिलं पान काढून पुढे धरलं. "हे बघा ना."

बाईंनी चष्मा लावला. पानावर दोन नावं होती. वरचं पोरीचं. खालचं, 'सहसंशोधक' या शब्दापुढे, त्यांचं.

नणंद दारात येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे वहिनी, तुझाच अर्ज तपासायला तुला दिला होता?"

"कार्यालयाने नावं इतकी नीट झाकली, की त्यांनाच दिसली नाहीत," फिजिओ म्हणाली. "मावशी समितीत आहेत हे मला ठाऊक नव्हतं, यादी गुप्त असते. अधिकारी म्हणाले, त्या दिवशी त्या उठल्या नसत्या तर अर्ज बाद होता. आणि हे निकालाचं पत्र." तिने वाचलं: "शेवटी काय निघेल याचा अंदाज समितीला बांधता आला नाही, सबब मंजूर."

नणंद हसायला लागली. "आता फिर्याद कुणावर गं?"

बाई खुर्चीवर बसल्या. इतके दिवस ज्या पोरीला त्यांनी मनात फाडून खाल्लं होतं ती समोर उभी होती, आणि माफी मागायची पाळी कुणाची हे स्पष्ट होतं. त्यांनी पान मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "तुला मी चोर समजले. चुकलं माझं. ते झालं. आता दुसरं. माझं नाव मला न विचारता का घातलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि नामंजूर झाला असता तर उगीच आशा."

"नाही म्हणाले असते. तो माझा हक्क होता. चोरून नेलं काय आणि चोरून ठेवलं काय, चावी फिरवली ती माझ्या पाठीमागेच."

पोरीने मान खाली घातली. "आता सही लागेल. नाही केलीत तर सगळं परत जाईल."

"बस," बाई म्हणाल्या. "पूर्ण अर्ज काढ. दोन पानांचा नाही, सगळा."

त्या ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. पहिल्याच पानावर त्यांच्या नावापुढे अनुभव म्हणून 'रुग्ण, बावीस वर्षं' असं होतं. "आजार हा माझा धंदा नाही. शिलाई कामगार लिही, अठ्ठावीस वर्षं. रुग्ण खाली." पोरीने लिहिलं. चाळीस बायका, दोन वर्षं, यंत्र रोज नोंद घेणार. पुढचं पान. आणि त्याच्या पुढचं. नवव्या पानावर बोट थांबलं.

"पायडलची नोंद जाणार कुठे?"

"कारखान्याच्या कार्यालयातल्या संगणकात. तिथून मी घेणार. त्यांनी जागा देतो म्हटलंय, फुकट."

"फुकट." बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे कुठली बाई दिवसात कितीदा थांबली ते आधी सुपरवायझर वाचणार, मग तू. बाईला आजार आहे हे बाईच्या आधी त्याला कळणार. पुढच्या महिन्यात ती बाई त्या मशिनीवर असेल का?"

फिजिओने ते पान स्वतःकडे ओढलं. "हे मला सुचलंच नाही."

"कसं सुचेल. त्या लोकांनी फुकट जागा दिली तेव्हा तुला आनंद झाला. मला झाला नसता."

"पण जागा नाही घेतली तर यंत्रं चालणार कशी? कारखान्याने परवानगीच काढून घेतली तर?"

"तर नाही होणार. फसलं तरी चालेल असं तुमच्या योजनेतच आहे. मात्र फसायचं असेल तर आपलं फसू दे, त्या चाळीस जणींचं नको."

नणंदेने टेबलावरचं सगळं बाजूला केलं. फिजिओने कोरा कागद ओढला आणि विचारलं, "काय लिहू?"

"लिही. नोंद बाईच्या हातात. ती देईल तर तुला. कारखान्याला नाही, कार्यालयाला नाही, कुणालाच नाही. आणि निकाल आधी त्या चाळीस जणींना, तोंडाने, त्यांच्या मशिनीपाशी जाऊन. कोण सांगणार त्याचं नाव लिही."

"कुणाचं लिहू?"

"तुझं. आणि माझं."

पोर लिहू लागली. बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि खांद्यावरून एकेक शब्द वाचत गेल्या. दोन ओळी झाल्यावर फिजिओने मान न वळवता विचारलं, "मग मावशी, सही करणार ना?"

"तू आधी कारखान्याची सही घेऊन ये या कागदावर," बाई म्हणाल्या. "आणि तिथे 'शक्यतो' लिहिलंयस ते खोड."